कीयरच्या पोटातले निरोप संगणकावर कसे न्यायचे?

भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. इथे अमेरिकेत मात्र हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम मंडळी, अजून मोर्समध्ये बोलतात. २००७ पासून परवान्यासाठी मोर्सची परीक्षा द्यावी लागत नाही, तरीही! तुम्हीही या नादाला लागला असाल तर टेबलावर कीयर नावाची छोटी डबी एव्हाना आली असेल.

पॅडलची एक बाजू दाबली की टिंब, दुसरी दाबली की रेघ. मिनिटाला २० शब्द या वेगाने टिंब ६० मिलिसेकंदांचे आणि रेघ त्याच्या तिप्पट. हे मोजमाप कीयर सांभाळतो. पण त्याचा खरा आधार वाटतो तो जूनमधल्या फील्ड डेला. ‘मी अमुक, कोणी ऐकतंय का?’ हा एकच निरोप शेकडो वेळा पाठवायचा असतो. तो एकदा साठवायचा आणि नंतर नुसते बटण दाबायचे.

हे निरोप नेमके असतात कुठे? के१ईएल कंपनीच्या विनकीयर-२ या इथे बऱ्याच जणांकडे असलेल्या कीयरचे उदाहरण घेऊ. त्याची कायमची स्मृती फक्त २५६ बाइटची, वीज गेली तरी टिकणारी. तिच्या सुरुवातीच्या २४ बाइटमध्ये वेग वगैरे सेटिंग्ज आणि सहा निरोपांपैकी कुठला कुठे सुरू होतो त्याचे पत्ते. उरलेल्या २३२ बाइटमध्ये सगळे निरोप एकाला एक लागून. चाळीतल्या खोल्यांसारखे म्हणा ना: पहिला निरोप लांबला की पुढच्या सगळ्यांचे पत्ते सरकतात. म्हणून ही फाइल हाताने बदलायच्या भानगडीत पडू नका. नोटपॅडमध्ये उघडून वाचता येईल, हीही अपेक्षा नको. निरोप बदलायचा असेल तर कंपनीचा मोफत प्रोग्राम वापरा.

यूएसबी केबल लावली की संगणकाला कीयर हा सिरियल पोर्ट दिसतो. लॉगिंगचा प्रोग्राम चालू असेल तर आधी बंद करा, एक पोर्ट दोघांना मिळत नाही. मग संभाषण असे होते. संगणक ०० ०२ हे दोन बाइट पाठवतो, कीयर आपला आवृत्ती क्रमांक सांगतो. ०० ०सी पाठवले की कीयर सगळे २५६ बाइट ओळीने ओततो. परत भरायचे तर ०० ०डी आणि पाठोपाठ ते २५६ बाइट. शेवटी ०० ०३ म्हणजे ‘येतो आता’.

वेग असतो १२०० बॉड. एका बाइटला सुरुवातीचा १, माहितीचे ८ आणि शेवटचे २ असे ११ बिट लागतात, म्हणजे एकूण २,८१६ बिट, साधारण २.३ सेकंद. तेवढ्या वेळात दुसरी आज्ञा पाठवू नका आणि केबलला हात लावू नका. नंतर फाइल बरोबर २५६ बाइटची आहे ना, ते बघा. एक जरी कमीजास्त असेल तर ती भरू नका.

आता खरी मेख. भरताना एखादा निरोप नाही, सगळेच बदलते. मी एकदा दुसऱ्या राज्यातल्या मित्राने ईमेलने पाठवलेली फाइल कौतुकाने भरली. माझे सहाही निरोप गेले, कारण आधी प्रत घेतलीच नव्हती. बटण दाबले तर माझा कीयर ऐटीत मित्राचे कॉल साइन वाजवू लागला! रेडिओची केबल काढलेली होती म्हणून निभावले. इथल्या एफसीसीच्या नियमानुसार संभाषणाच्या शेवटी आणि मध्ये दर दहा मिनिटांना स्वतःचे कॉल साइन सांगावे लागते. आपल्याला न दिलेले कॉल साइन प्रक्षेपित करणे तर नियमभंगच.

तेव्हा आधी स्वतःच्या कीयरची प्रत घ्या, फाइलच्या नावात तारीख घाला, आणि मगच नवे काही भरा. भरून झाल्यावर रेडिओ न जोडता सहाही निरोप एकेक करून वाजवा आणि कान देऊन ऐका. कॉल साइन तुमचेच असेल तर केबल लावा.