विवर नसलेल्या मुलखातला अंधार

ज्या विवरात आजवर कोणी उतरलेलं नाही, त्याच्या तोंडाशी पहिला प्रश्न खोलीचा. दगड टाकायचा आणि कान द्यायचा. दोन सेकंदांनी आवाज आला तर साधारण २० मीटर, तीन सेकंदांनी आला तर ४०. पण तो तळाचाच आवाज असेल असं नाही, मधल्या कपारीवरही दगड आपटतो. म्हणून दोर अंदाजापेक्षा लांब घेतात आणि शेवटाला गाठ मारतात, नाहीतर उतरणारा दोराच्या टोकावरून सरळ निसटायचा. सह्याद्रीत रॅपलिंग केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की कडा उतरल्यावर पायवाट धरून गावात जाता येतं. विवरातून परतीची वाट त्याच दोरावरून वर.

दुसरी भीती हवेची. कुजलेल्या पाल्याचा कार्बन डायऑक्साइड जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो. उन्हाळ्यात विहिरीत उतरलेली माणसं गुदमरल्याच्या बातम्या आपण वाचतोच. खाली सोडलेला कंदील विझला तर उतरायचं नाही, हे जुने लोक सांगत. कंदील जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असा उलटा अर्थ मात्र काढू नये.

अशी विवरं सापडतात ती मुख्यतः चुनखडीच्या मुलखात, कारण किंचित आम्लधर्मी पावसाचं पाणी तो दगड विरघळवत खाली जातं. भारतात त्यासाठी मेघालयात जावं. तिथे १९९२ पासून ब्रायन खारप्रान डॅली, सायमन ब्रूक्स आणि त्यांचे सोबती गुहा मोजत आले आहेत. जैंतिया टेकड्यांतली क्रेम लियात प्राह ३० किलोमीटरहून लांब भरली. या मोहिमांची सुरुवात गावातून होते. जंगलातलं भोक कुठे आहे ते गावकऱ्यांना ठाऊक असतं. आत किती लांब जातं हे नसतं, कारण त्यांना आत जाण्याचं कारणच नव्हतं.

मेघालयातून माळव्यातल्या धार-देवासकडे, पवारांच्या जुन्या संस्थानांकडे, वळलं की हे गणित बदलतं. देवास आणि धारचा बराचसा भाग माळव्याच्या पठारावर, म्हणजे आपल्याच काळ्या कातळावर आहे. लाव्हाचा हा दगड पाण्यात तसा विरघळत नाही. देवास जिल्ह्यात बागलीजवळच्या कावडिया टेकडीवर तो खांबाखांबांनी उभा आहे, ठोकला तर धातूसारखा वाजतो. धारच्या नैऋत्येला, विंध्याच्या उतारावर बाघजवळ चुनखडी आहे, पण थर पातळ. तिथला प्रसिद्ध अंधार निसर्गाने केलेला नाही, बौद्ध भिक्षूंसाठी माणसांनी वालुकाश्मात खोदलेला आहे.

बाघणी नदीवरच्या या नऊ लेण्यांची माहिती इंग्रज लेफ्टनंट डेंजरफिल्ड याने १८१८ मध्ये जगाला दिली. ‘शोध’ वगैरे म्हणायचं तर जपूनच, कारण लोक त्यांना पांडवांच्या गुंफा म्हणतच होते आणि त्यानेही आपल्या लेखात ‘पंच पांडू’ हेच नाव दिलं. इथे दोर नको होता, फावडं हवं होतं. वालुकाश्माच्या डोक्यावर मातकट दगडाचा थर आहे. त्यात पाणी मुरलं की छत सुटतं. चौथ्या-पाचव्या लेण्यांसमोरची सुमारे २२० फुटी सलग ओसरी अशीच कोसळली. मागची भिंत उरली आणि तिच्यावर हत्तींची मिरवणूक, रडणारी स्त्री, फेर धरून नाचणाऱ्या बायका.

संस्थानांच्या काळात बाघ धारकडे नव्हतं, शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होतं. तिथल्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे. १९२१ च्या सुमारास चित्रांच्या प्रती करायला नंदलाल बोस, असितकुमार हलदार आणि सुरेंद्रनाथ कर आले, तसे भोंसले, आपटे, भांड आणि जगताप हेही होते. बंगाली नावं सगळीकडे येतात, या चौघांची क्वचितच. चित्रं पुढे इतकी झिजली की आज जाणकारांनाही त्या प्रतींचाच आधार घ्यावा लागतो.

दुसऱ्या लेण्यात मात्र खोदणाऱ्यांनाच छताचा भरवसा वाटला नसावा. सभामंडपाच्या मध्यभागी त्यांनी चार जाडजूड खांब जादा ठेवले. याच लेण्यातला मलबा काढताना १९२९ मध्ये माहिष्मतीच्या महाराज सुबंधूचा ताम्रपट मिळाला. विहाराला दिलेल्या गावाचं उत्पन्न कशावर खर्चायचं, ते त्यात लिहिलं आहे: पूजेची फुलं, धूप, भिक्षूंची वस्त्रं, अन्न, औषध. त्याच यादीत विहाराच्या मोडक्या, तडकलेल्या भागांची दुरुस्तीही आहे.