रूम करेक्शन: कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

सोनईत काय, पुण्यात काय, स्लॅबचं घर, गुळगुळीत फरशी आणि मोकळ्या भिंती असल्या की भारी स्पीकरही घुमतात. तबला ऐका: डग्ग्याचा एखादा ठोका अंगावर येतो, दुसरा गायब! दोष खोलीचा, आणि तो मोजून आवाज सुधारणं म्हणजे रूम करेक्शन. समोरासमोरच्या भिंतींत 12 फूट अंतर असेल, तर 47 हर्ट्झच्या आसपासचा आवाज फुगतो.

🔹 कॉम्प्युटरवर ऐकता? रूम ईक्यू विझार्डने मोजा, विंडोजवर इक्वलायझर एपीओत फिल्टर टाका. दोन्ही फुकट.
🔹 एव्ही रिसीव्हर आहे? त्यात ऑडिसी किंवा डिराक ही रूम करेक्शनची सोय आहे का, ते आधी बघा.
🔹 डिराक लाइव्ह हे स्वीडिश सॉफ्टवेअर विकतचं आहे, पण आवाज पोचण्याच्या वेळेतला गोंधळही सुधारतं.

माइक मात्र कॅलिब्रेशन फाइलवालाच हवा, उदा. यूमिक-1. तो बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर धरा. दुरुस्ती शक्यतो 300 हर्ट्झच्या खालीच करा. मोजणीच्या आलेखातले उंचवटे कापा. खोल खड्डे भरायला गेलात तर अँप्लिफायरवर नुसता ताण येतो.

आणि खोलीतला प्रतिध्वनी कुठलंच सॉफ्टवेअर घालवत नाही. त्यामुळे आधी सतरंजी आणि जाड पडदे, मग फुकटचं सॉफ्टवेअर, आणि तरीही समाधान झालं नाही तरच खिशात हात घाला.