माजाचा आकडा : यंत्रावर किती विसंबायचे?

सावेडी आता अहिल्यानगर शहरात मिसळून गेली. पण जिल्ह्यात संकरित गायींचे गोठे गावोगाव आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने गीर, होल्स्टिन आणि जर्सी यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ तयार केली, तीही याच मातीत. भरपूर दूध देणाऱ्या गायीचा माज मात्र थोडका असतो, कधी मुका असतो. त्यात गाय दिवसभर दावणीला बांधलेली. माज हुकला की 21 दिवस गेलेच म्हणून समजा. चारा, पेंड चालूच राहते.

यासाठी माज ओळखणारे यंत्र मिळते. पोलंडच्या ड्रामिन्स्की कंपनीचे यंत्र त्यातलेच एक. लांब दांडी, टोकाला धातूची दोन कडी, मुठीजवळ आकडा. माजात योनीमार्गातला सोट पातळ व खारट होतो, त्यातून वीज सहज वाहते, म्हणून विरोधाचा आकडा घसरतो. माज सरला की पुन्हा चढतो.

‘किती आकडा आला म्हणजे माज?’ असे विचारू नका. दर गायीचा आकडा वेगळा. एकदाच मोजून डॉक्टरांना बोलावणे म्हणजे अंधारात दगड मारणे. माजाची तारीख जवळ आली की सकाळ-संध्याकाळ मोजा, वहीत लिहा. आकडा तळाला जाऊन वर चढू लागला की रेतनाची वेळ. स्त्रीबीज माज संपल्यावर साधारण 10 ते 12 तासांनी सुटते, हे ध्यानात ठेवा.

आता खरी मेख. पिशवीला सूज असली तरी आकडा खालीच येतो! म्हणून सोट डोळ्यांनी पाहा. काचेसारखा स्वच्छ हवा. पांढुरका, पुवाळलेला, वास मारणारा असेल तर रेतन थांबवा, आधी उपचार करा. तीन-तीनदा उलटणाऱ्या गायीत तर हे पाहाच.

दूध संस्थेच्या सचिवांनी गावासाठी एकच यंत्र घेण्याचा विचार चांगला आहे, पण एका गायीचा रोग दुसरीला द्यायलाही तेच यंत्र पुरते. निरण धुऊन पुसायची, दांडी दर गायीनंतर जंतुनाशकात बुडवायची. एवढी शिस्त नसेल तर यंत्र घेऊच नका. गाय गाभण असल्याची शंका असेल तर दांडी आत घालू नका. तिची तपासणी डॉक्टरांकडूनच करून घ्या : सोनोग्राफीने महिन्याभरात कळते, हाताने तपासायला दोन महिने थांबावे.