गावकारी आणि ग्रामपंचायत

सत्तेचे विकेंद्रीकरण म्हणजे राजधानीने गावाला दिलेले दान, असे आपण नकळत गृहीत धरून चालतो. गोमंतकाचा इतिहास मात्र निराळे सांगतो. पोर्तुगीज अंमल येथे आला तेव्हा गावोगाव गावकारी नांदत होत्या. तिसवाडीतील गावकारींचे रीतिरिवाज अफोंसो मेशिया याने १५२६ साली सनदेत लिहून घेतले, ते जुन्या व्यवस्थेची दखल घेणे भाग पडले म्हणूनच.

गावकारीचे बळ तिच्या जमिनीत होते. शेते ठराविक मुदतीने पावणीने, म्हणजे लिलावाने, कसावयास दिली जात. त्या उत्पन्नातून सरकारचा फाळा, देवस्थानाचा खर्च आणि गावसेवकांचे वेतन भागे. उरलेले गावकारांत झोण म्हणून वाटले जाई. या खर्चातील सर्वांत निकडीची बाब बांधांची असे. खाजन शेतीत भरतीचे खारे पाणी थोपविण्यास नदीकाठी चिखलमातीचे बांध घालावे लागतात. त्यांत मानस बसवितात. भरतीच्या दाबाने तिची लाकडी दारे मिटतात व ओहोटीला उघडतात. एक बांध फुटला की साऱ्या शेतांत खार उतरतो व जमीन काही वर्षे नापीक होते. अशा ठिकाणी वरच्या हुकुमाची वाट पाहणे परवडणारे नसते; पैसा, माणसे आणि निर्णय ही तिन्ही गावातच हवीत, आणि ती होती.

तथापि या संस्थेला लोकशाही म्हणणे हा भाबडेपणा होय. मूळ घराण्यांच्या पुरुष वंशजांनाच तेथे आवाज होता. शेत कसणारे कूळ, दुसऱ्याच्या भाटात घर बांधून राहणारा मुंडकार आणि समस्त स्त्रीवर्ग यांना तेथे स्थान नव्हते. जुन्याचे गोडवे गाणारे नेमके हेच विसरतात.

मुक्तीनंतर, १९६२ च्या नियमाने, प्रौढ मताधिकाराच्या ग्रामपंचायती आल्या आणि मुंडकाराचे मत भाटकाराच्या मताएवढे झाले. १९६४ च्या कूळकायद्याने व पुढे १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याकडे जमीन गेली. हे न्याय्यच झाले. पण गावकारीचे उत्पन्न आटले, आणि ते पंचायतीच्या पदरात मात्र पडले नाही. बांधांचा भार कुळांच्या संघांवर आला.

१९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची यादी दिली. मृदसंधारण, लघुपाटबंधारे आणि मत्स्यव्यवसाय हे तिन्ही तीत आहेत. मात्र ते अधिकार देणे राज्याच्या विधिमंडळावर सोपविले. गोव्याचा पंचायतराज कायदा १९९४ चा. आज राज्यात १९१ ग्रामपंचायती आहेत, त्यांत स्त्रियांना राखीव जागा आहेत, ग्रामसभाही भरतात. पंचायतीचा सचिव मात्र सरकारी नोकर. स्वतःचे उत्पन्न मुख्यतः घरपट्टी व परवान्यांचे, बाकी सारे अनुदान. बांधकामाच्या परवान्यावर ज्या पंचायतीची तिजोरी भरते तिने भातशेत राखण्याचा आग्रह धरावा, ही अपेक्षा जरा अवघडच आहे.

इकडे मानशीवरील मासेमारीची पावणी अजूनही होते. जास्त मासळी मिळावी म्हणून दारे नको तेव्हा उघडली जातात आणि खारे पाणी शेतात शिरते. तक्रार ग्रामसभेत होते. ठराव होतो आणि अर्ज कृषी खात्याकडे जातो. बांध दुरुस्त करण्यास लागणारा पैसा पंचायतीपाशी नसतो.