लीग आणि चषक : शेजारच्या कोल्हापूरचा धडा



आपल्याकडे गळीत हंगाम भरात असतो, त्याच सुमारास शेजारी कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम रंगतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ लीगमध्ये १६ संघ. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे मूळची तालमींची. पैलवान घडवणाऱ्या पेठांनीच फुटबॉलही जोपासला.

लीगचा हिशेब सोपा. जिंकल्यास ३ गुण, बरोबरीस १. एक सामना गेला तरी पुढच्यात भरपाई करता येते. त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत चषक स्पर्धा. तिथं हरला की घरी! म्हणून गर्दी चषकाला आणि ईर्ष्याही चषकालाच. कधी हुल्लडबाजीमुळं खेळ थांबवावा लागतो, हे मात्र भूषण नव्हे.

पण खेळाडू पोसतो तो लीगवर. एका पाण्यावर ऊस येत नाही, पाळ्या वेळेवर द्याव्या लागतात, तसंच हे आहे. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. जिथं पोरं लहानपणापासून चेंडूमागं धावतात, तिथूनच असा एखादा वर येतो.

आपल्या सातारा-सांगलीच्या गावांत जत्रेला एखादी बक्षिसाची स्पर्धा होते, मग वर्षभर मैदान ओस. हंगाम संपल्यावर चार-चार गावांनी मिळून दर रविवारी सामने ठेवावेत. चेंडू आणि गोलाचे खांब, याहून फारसा खर्च नाही. तरुण मंडळांनी आपापल्या गट ऑफिसात येऊन बोलावे, ही विनंती.