तो संगणक आपल्याला कोण समजतो?

घरातल्या जुन्या डेस्कटॉपला मोठी डिस्क जोडलेली असते. तिच्यावर लग्नाबारशांचे फोटो, वडिलांच्या पेन्शनची स्कॅन केलेली कागदपत्रं, गाण्यांचा साठा. फोल्डर 'शेअर' केलेलं असतं. थोरल्याच्या लॅपटॉपवर ते उघडतं, धाकटीच्या उघडत नाही. मग घरोघरी एकच उपाय होतो: परवानग्यांमध्ये जाऊन 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देऊन टाकायचा. बऱ्याचदा त्याने काहीच फरक पडत नाही, कारण अडचण तिथे नसतेच. आणि फरक पडलाच, तर आता घरातला कुणीही ते फोटो नुसते बघू शकत नाही, पुसूनही टाकू शकतो.

त्याऐवजी आधी पडद्यावर काय आलंय ते नीट वाचावं. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट यूज' लिहून, पुढे शेअरचा पत्ता देऊन जोडणी करून पाहिली, की विंडोज त्रुटीचा साधा क्रमांक देतं. ५३ आला तर आपण त्या संगणकापर्यंत पोचलोच नाही. १३२६ म्हणजे पोचलो, पण नाव किंवा पासवर्ड पटला नाही. ५ म्हणजे ओळख पटली, तरी आत घेणं नाकारलं. (फाइल एक्सप्लोररच्या खिडकीत दिसणाऱ्या लांबलचक ८००७००३५ मधले शेवटचे ३५ म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेले हेच ५३.) तिन्हींची औषधं वेगळी आहेत. ५३ आलेला असताना परवानग्या बदलत बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

५३ चं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे घरातले दोन राउटर. फायबरवाल्यांनी हॉलमध्ये लावलेला एक, आणि आतल्या खोलीत रेंज मिळत नाही म्हणून आपण आणलेला दुसरा. पहिला १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटतो, दुसरा १९२.१६८.० ने. आतल्या राउटरमागचा संगणक बाहेरच्यापर्यंत जाऊ शकतो, उलट दिशेने वाट नसते. म्हणून डेस्कटॉप आतल्या राउटरवर आणि लॅपटॉप हॉलच्या वायफायवर असला, की इंटरनेट दोघांनाही झकास चालतं आणि शेअर मात्र सापडत नाही. दुसरा राउटर 'ॲक्सेस पॉइंट मोड'वर टाकला की सगळे एकाच जाळ्यात येतात. 'गेस्ट' वायफायवरूनही बहुधा घरातली बाकी यंत्रं दिसत नाहीत. ते नावातच आहे. आणि डेस्कटॉपच्या विंडोजने घरचं जाळं 'पब्लिक' ठरवलं असेल, तर त्याचा फायरवॉल शेअरचं दार बंदच ठेवतो. ते 'प्रायव्हेट' करावं लागतं.

यंत्र चालू आहे का ते पाहायला पाठवलेल्या पिंगला उत्तर आलं नाही, म्हणून ते बंद आहे असं समजू नये. विंडोजचा फायरवॉल पिंगला अनेकदा उत्तरच देऊ देत नाही. पॉवरशेलमधल्या 'टेस्ट-नेटकनेक्शन'ने ४४५ क्रमांकाचा पोर्ट तपासला तर खरं काय ते कळतं, कारण शेअरिंगची सगळी बोलणी त्याच पोर्टवर होतात. यंत्राच्या नावाने शेअर उघडत नाही पण आयपी पत्त्याने उघडतो, असं असेल तर भानगड फक्त नाव शोधण्याची आहे. राउटरमध्ये त्या डेस्कटॉपसाठी एक पत्ता राखून ठेवावा आणि तोच वापरावा.

राउटरच्या मागच्या यूएसबी खाचेत डिस्क खुपसून शेअर करणाऱ्यांची गोष्ट निराळी. अनेक जुने राउटर एसएमबी या फाइल-वाटपाच्या पद्धतीची पहिलीच आवृत्ती बोलतात. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरलं ते विंडोजमधल्या याच आवृत्तीच्या एका भोकातून. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये ती एकतर मुळातून वगळलेली असते, नाहीतर काही दिवस वापरली नाही की आपोआप निघून जाते. 'विंडोज फीचर्स'मध्ये खूण करून ती परत आणता येते, आणि यूट्यूबवरचे भाऊ तेच सांगतात. माझं मत: आणू नये. डिस्क राउटरवरून काढून डेस्कटॉपला लावावी, प्रश्न मिटतो.

आता खरी गुंतागुंत, १३२६ ची. इथे विचारायचा प्रश्न एकच: समोरचा संगणक आपल्याला कोण समजतोय? धाकटी आपल्या लॅपटॉपवर चार आकडी पिन टाकून शिरते आणि शेअरने पासवर्ड विचारला की तिथेही तोच पिन टाकते. पिन त्या एका लॅपटॉपपुरता असतो, जाळ्यावर तो चालत नाही. शिवाय पासवर्ड हवा असतो तो डेस्कटॉपवरच्या खात्याचा, लॅपटॉपवरच्या नव्हे. डेस्कटॉपवर मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर नावाच्या जागी पूर्ण ईमेल आणि त्या ईमेल खात्याचा पासवर्ड लागतो. 'सी' ड्राइव्हच्या 'यूजर्स'मध्ये दिसणारं पाच अक्षरी तुटकं नाव इथे फसवतं. आणि 'घरातच तर आहे' म्हणून डेस्कटॉपच्या खात्याला पासवर्डच ठेवला नसेल, तर विंडोज अशा खात्याला जाळ्यावरून आत येऊच देत नाही. सर्वांत सुटसुटीत म्हणजे शेअरसाठी डेस्कटॉपवर माणसागणिक एकेक स्थानिक खातं, धड पासवर्डासकट. पाहुणा म्हणून, पासवर्डाशिवाय शिरायची जुनी सवय आता सोडावीच लागेल. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून तसं शिरणं मुळातच बंद ठेवलेलं आहे.

पासवर्ड बरोबर टाकूनही आत जाता येत नसेल, तर लॅपटॉप जुनाच पासवर्ड गुपचूप पुढे करत असण्याची शक्यता मोठी. कंट्रोल पॅनेलमध्ये 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडावा, 'विंडोज क्रेडेन्शियल्स'खाली त्या डेस्कटॉपच्या नावाची नोंद दिसेल, ती काढून टाकावी. पत्त्याची वेगळी नोंद असेल तर तीही. कधी १२१९ हा क्रमांक येतो. त्याचा अर्थ असा, की एका नावाने जोडणी आधीच चालू आहे आणि त्याच यंत्राशी आपण दुसऱ्या नावाने बोलू पाहतोय. विंडोजला एका यंत्राशी दोन नावांनी बोलणं चालत नाही. 'नेट यूज'ने चालू जोडण्या पाहून, पुढे 'स्लॅश डिलीट' लावून त्या तोडाव्यात, मग नव्याने शिरावं.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा डेस्कटॉपलाच विचारलेलं बरं. तिथे 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मध्ये 'शेअर्ड फोल्डर्स'च्या खाली 'सेशन्स' आहे. कोणतं यंत्र या क्षणी कोणाच्या नावाने आत आलंय ते तिथे ओळीने लिहिलेलं असतं. धाकटीच्या लॅपटॉपसमोर थोरल्याचं नाव दिसलं, की उलगडा झालाच: कधीतरी त्याने तिथे आपला पासवर्ड टाकून 'लक्षात ठेव'वर खूण केली होती. डेस्कटॉपवर लिनक्स असेल तर हेच 'एसएमबीस्टेटस' सांगतो. मात्र लिनक्सवर फोल्डर शेअर करणाऱ्या सांबा या प्रोग्रॅमची पासवर्डांची वही सहसा वेगळी असते. लिनक्समध्ये खातं काढलं म्हणून सांबा ओळखेल असं नाही. 'एसएमबीपासडब्ल्यूडी'ने तिथेही नाव घालावं लागतं.

राहिला ५. विंडोजमध्ये परवानग्या दोन ठिकाणी असतात, फोल्डरच्या 'शेअरिंग' टॅबवर आणि 'सिक्युरिटी' टॅबवर, आणि दोन्हींतली जी कडक ती लागू होते. सोसायटीच्या वॉचमनने फाटकातून सोडलं तरी फ्लॅटचं कुलूप आपोआप उघडत नाही, तसंच. 'डिनाय'ची खूण तर शक्यतो वापरूच नये; ती गटाला लावली आणि आपण त्या गटात असलो, तर आपल्याला दिलेल्या परवानगीवर ती मात करते.

एक बारीक खोच इथे पुष्कळांना छळते. सगळं फोल्डर उघडतं, एखादाच अल्बम उघडत नाही. तो अल्बम आधी कुणाच्या तरी 'पिक्चर्स'मध्ये होता आणि तिथून कट-पेस्टने शेअरमध्ये आलेला असतो. त्याच ड्राइव्हवर वस्तू हलवली, की तिच्या जुन्या परवानग्या बरोबर येऊ शकतात. कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या लागतात. 'सिक्युरिटी'च्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये वरच्या फोल्डरच्या परवानग्या खालच्या सगळ्यांना लावायची सोय आहे, ती एकदा वापरावी. लिनक्सवर खोच निराळी: शेअर केलेल्या फोल्डरपर्यंतच्या वाटेवरच्या प्रत्येक फोल्डरमध्ये शिरण्याची परवानगी लागते. उबुंटूच्या २१.०४ आवृत्तीपासून नव्या खात्याचं होम फोल्डर इतरांना बंद असतं. त्यामुळे आतलं 'फोटो' फोल्डर कितीही मोकळं केलं तरी इतरांची वाट वरच अडते. शेअर होमच्या बाहेर, वेगळ्या जागी ठेवावा.

फोल्डर उघडलं म्हणजे काम झालं असं नाही. प्रत्येकाच्या खात्यातून एक फाइल तयार करून, तिचं नाव बदलून पाहावं, आणि मग दुसऱ्याच्या खात्यातून तीच फाइल दुरुस्त करून साठवावी. वाचता येतं पण साठवता येत नाही, हे यातच कळतं. सांबामध्ये नवी फाइल जो बनवतो त्याच्या मालकीची होते आणि इतरांना बहुधा नुसतीच वाचता येते. इतरांनाही ती बदलता यावी म्हणून घरच्यांचा एक गट करून, सांबाच्या मांडणीच्या फाइलमध्ये त्या शेअरखाली 'फोर्स ग्रुप' आणि 'क्रिएट मास्क' या दोन ओळी घालाव्या लागतात. त्या फक्त नव्या फाइलींना लागू होतात. आधीपासून पडलेल्या फाइलींचा गट आणि परवानग्या एकदा हाताने बदलून घ्याव्या लागतात.