हुतुतूचा खेळ आणि कंपनीचें भांडवल

एखाद्या खेळाभोवतीं व्यापारी कंपनी उभी राहते ती कशाच्या बळावर, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. खेळ लोकांस आवडणें निराळें आणि त्यासाठीं कोणी दाम मोजणें निराळें. कंपनीच्या हातीं विकण्याजोगें कांहींतरी असावें लागतें.

अमेरिकेंतील बर्फाळ मुलखाचें उदाहरण घ्यावें. १९६५ सालीं मिशिगन प्रांतांतील शर्मन पॉपेन या गृहस्थानें आपल्या मुलींकरितां बर्फावर घसरण्याच्या दोन पट्ट्या एकत्र जोडल्या. एकाच फळीवर उभें राहून उतारावरून घसरण्याची मौज मुलांना आवडली. पुढें १९७७ सालीं जेक बर्टन या तरुणानें व्हरमाँट प्रांतांत अशा फळ्या बनविण्याची कंपनी काढली. पुष्कळ डोंगरमालक ही फळी आपल्या उतारावर येऊं देत नसत. त्यांची समजूत घालण्यांत वर्षें गेलीं. अखेर १९९८ सालीं जपानांतील नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकांत या खेळास स्थान मिळालें. तेथें खेळूं इच्छिणाऱ्यास फळी ही लागतेच; म्हणून खेळाबरोबर कंपनीहि वाढली.

मेहकर तालुक्यांतील डोणगावासारख्या वऱ्हाडी गावीं बर्फ पडत नाहीं. परंतु हिवाळ्यांत रंगणारा खेळ तेथेंहि आहे. खरिपाचें पीक घरीं आलें कीं मोकळ्या जागेंत रेघा ओढून हुतुतूचा, म्हणजेच कबड्डीचा, डाव मांडतां येतो. त्यास बॅट नको, चेंडू नको. सात-सात गडी, मधली रेषा आणि छातींतला दम एवढी सामग्री पुरे. हीच या खेळाची थोरवी. आणि व्यापाऱ्याची अडचणहि हीच. खेळणाऱ्यास कांहींच विकत घ्यावें लागत नसेल, तर कंपनी विकणार काय?

याचें उत्तर आनंद महिंद्र व चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्स या कंपनीनें दिलें. तिनें खेळणाऱ्यास नव्हे, तर पाहणाऱ्यास गिऱ्हाईक मानलें. २६ जुलै २०१४ रोजीं मुंबईंत आठ संघांची प्रो कबड्डी लीग सुरू झाली. मातीच्या जागीं मॅट आली. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा पडली. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरींत गुण मिळवावा, नाहीं तर चढाई करणारा गडी बाद, असा नियम झाला. दम मैदानाजवळ ऐकूं येतो, पडद्यावर तितका नाहीं; घड्याळ मात्र सर्वांस दिसतें. रेंगाळणारा डाव अशा रीतीनें चटपटीत झाला. प्रक्षेपण व जाहिराती हा उत्पन्नाचा मार्ग ठरला. २०१५ सालीं स्टार इंडियानें या कंपनीचा ७४ टक्के हिस्सा घेतला. दहावा हंगाम तर २ डिसेंबर २०२३ पासून १ मार्च २०२४ पर्यंत, ऐन थंडींत चालला आणि पुणेरी पलटण विजयी झाली.

तथापि हें पीक ज्या शेतांत आलें, त्याची मशागत कंपनीनें केलेली नव्हती. १९२३ सालीं बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानें नियम ठरवून सामने भरविले. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिन येथें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं, त्यांत हुतुतूहि होता. १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई स्पर्धेंत कबड्डीस पदकाचा मान मिळाला. यांपैकीं कोणीहि नफ्याचा हिशेब मांडला नव्हता.

म्हणून कंपनीस दोष देण्याचें कारण नाहीं. तिनें खेळाडूच्या घामास मोल आणलें, हें थोडें नव्हे. परंतु मातीवर तयार झालेल्या खेड्यांतील मुलाचा पाय मॅटवर प्रथम अडखळतो, आणि मॅट तर प्रत्येक गावास परवडत नाहीं. फळी विकणाऱ्यास फळ्यांचा कारखाना राखावा लागतो. हुतुतूचा कारखाना म्हणजे गावचें मैदान. तें ओस पडल्यास पडद्यावर दाखविण्यास गडी कोठून येणार? मिळकतीचा कांहीं भाग त्या मैदानाकडे वळला, तर तें दान ठरणार नाहीं. शहाण्या शेतकऱ्यानें पुढील पेरणीसाठीं राखलेलें तें बियाणें होय.